शेगडी, हॉब की इंडक्शन? ओटा कापण्यापूर्वी एवढं तपासा

घराचं काम काढलं की टाइल्स, रंग, नळ यांचे निर्णय भराभर होतात आणि गाडी ओट्याशी येऊन अडते. वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न सारखा येतो. ओट्यावर शेगडीच ठेवावी, की ग्रॅनाइट कापून हॉब बसवावा? शेजारणीने इंडक्शन घेतलं, मग गॅस हवाच कशाला? भिवंडीतून, त्यातही कामतघर आणि पद्मानगरच्या बाजूने येणाऱ्या पत्रांत आणखी एक पदर असतो. आज चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब उद्या वऱ्हाळदेवी तलावाजवळच्या एखाद्या इमारतीत जाणार असतं. अशा वेळी खर्च कुठल्या घरासाठी करायचा, हेच कळत नाही.

दुकानदार काच, रंग आणि बर्नरची संख्या दाखवतो. तुम्ही मात्र दुकानात जाण्याआधी घरातल्या तीन गोष्टी बघा: गॅस कुठून येतो, विजेचं बिल काय सांगतं आणि ओटा किती उंच, किती रुंद आहे. त्यानंतर निवडीचं फारसं काही उरत नाही.

दुकानात काय काय मिळतं

- ओट्यावरची शेगडी: दोन, तीन किंवा चार बर्नरची, स्टीलची किंवा काचेची. उचलता येते आणि घर बदललं की सोबत नेता येते.
- बसवायचा हॉब: ओट्याला खाच पाडून आत बसवतात. वर फक्त काच, बर्नर आणि नॉब दिसतात, बाकी सगळं खाली असतं.
- हॉबटॉप: आज ओट्यावर ठेवा, पुढे कधी वाटलं तर खाच पाडून बसवा, असा दुहेरी प्रकार.
- इंडक्शन: एक सुटी प्लेट, नाहीतर ओट्यात बसवायचा दोन ते चार जागांचा इंडक्शन हॉब. भांड्याचा तळ चुंबकाला चिकटणारा हवा.
- इन्फ्रारेड: हीही विजेवरच चालते, पण कुठलंही सपाट भांडं चालतं. तापायला आणि निवायला वेळ लागतो, काच बराच वेळ गरम राहते. लहान मुलांच्या घरात मी हिची शिफारस करणार नाही.

कामतघरमधल्या बहुतेक घरांना माझा सल्ला आहे: आयएसआय चिन्हाची तीन बर्नरची शेगडी घ्या आणि सोबत एक सुटी इंडक्शन प्लेट ठेवा. घर स्वतःचं असेल, ओटा नव्याने बांधला जात असेल आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहायचं असेल, तरच हॉबचा विचार करा. असं का म्हणतो, ते पुढे सांगतो.

गॅस सिलिंडरचा की पाइपचा?

भिवंडी महानगर गॅसच्या वितरण क्षेत्रात येते. तरी शहर क्षेत्रात असणं वेगळं आणि तुमच्या स्वयंपाकघरात मीटर लागणं वेगळं. ‘पाइप गॅस येणार आहे’ या बिल्डरच्या वाक्यावर शेगडी घेऊ नका. सोसायटीच्या सचिवांना विचारा: इमारतीत पाइप चढला आहे का, कुठल्या मजल्यावर गॅस चालू झाला आहे, तुमच्या घरासाठी अर्ज भरला आहे का?

हे आधी विचारायचं कारण जेटमध्ये आहे. सिलिंडरचा एलपीजी आणि पाइपचा नैसर्गिक वायू यांचा दाब वेगळा आणि उष्णताही वेगळी. पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी येते. पाइपच्या गॅसची शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, पिवळी पडते आणि भांडी काळी करते. म्हणून:

- पाइप वर्षा-दोन वर्षांत येणार असेल, तर दोन्ही गॅसचे जेट मिळणारं मॉडेल घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. साध्या शेगडीचे जेट बदलणं सोपं असतं. हॉबच्या तीन कड्यांच्या बर्नरचं काम मात्र कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं.
- जेटचं भोक सुईने किंवा ड्रिलने मोठं करून देणारा मिस्त्री भेटला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.
- एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. सिलिंडरच्या घरात हवा खेळायची जागा खाली हवी आणि पाइपच्या घरात वर.

खोलीत चार-पाच जण मिळून राहत असाल आणि भिसीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवायचा कंटाळा आला असेल, तर ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी पुरते. हा सिलिंडर ओळखपत्र दाखवून अधिकृत विक्रेत्याकडे मिळतो. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणाऱ्याच्या दुकानाची पायरी मात्र चढू नका. ते बेकायदा आहे आणि स्फोटाला निमंत्रण आहे.

इंडक्शनचा हिशेब बिलावर मांडा

‘इंडक्शन स्वस्त पडतं’ आणि ‘इंडक्शनने बिल फुगतं’ ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. तुमच्या घरी कुठलं खरं, ते एका भागाकारात कळतं.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर रोजच्या वापरात त्यातली ६० ते ६८ टक्के भांड्यात उतरते, बाकीची कडेने उडून जाते. इंडक्शनवर साधारण ८५ टक्के वीज भांड्यात उतरते. याचा अर्थ एक सिलिंडर जेवढं शिजवतो, तेवढं शिजवायला इंडक्शनला १३० ते १४० युनिट लागतात. मधला आकडा १३५ धरा आणि सिलिंडरच्या किमतीला १३५ ने भागा. सिलिंडर ८५० रुपयांना पडत असेल, तर उत्तर ६ रुपये ३० पैसे येतं. तुमचं वाढीव युनिट याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस.

आता ‘वाढीव युनिट’ म्हणजे काय ते पाहा, कारण इथेच गफलत होते. भिवंडीत जानेवारी २००७ पासून वीजपुरवठ्याचं काम महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर पाहते. दर मात्र वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागू होतात. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा चढला की दर उडी मारतो. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घराने सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला, तर वाढलेली जवळजवळ सगळी युनिटं दुसऱ्या टप्प्यात पडतात. त्यामुळे बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढू नका. तुमचं घर ज्या टप्प्यात जाऊन पोचेल त्या टप्प्याचा दर घ्या. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर वीज शुल्क मिळवा, आणि मग ६ रुपये ३० पैशांशी तुलना करा.

हा हिशेब मांडलात की बहुतेक घरांना पूर्ण इंडक्शन महाग पडतं, असंच दिसेल. छतावर सौर पॅनेल असलेल्या घरांचं गणित वेगळं. त्यांनी दुपारी बिनधास्त इंडक्शन वापरावं.

तरीही एक प्लेट घरात ठेवा, असं मी सांगतो. सिलिंडर संपला आणि दुसरा यायचा आहे, सकाळी मुलाच्या डब्याची घाई आहे, दूध तापवायचं आहे, आजारी माणसाला रात्री पाणी गरम करून द्यायचं आहे, अशा वेळी तिचे पैसे वसूल होतात. मे महिन्यात स्वयंपाकघरात उकाडाही कमी वाढतो. फक्त आणण्यापूर्वी हे बघा:

- प्लग: इंडक्शन प्लेट साधारण २००० वॉटची असते आणि पूर्ण क्षमतेवर ९ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह ओढते. मिक्सर लावतो त्या छोट्या प्लगमध्ये ती लावली की प्लग वितळतो. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, नीट अर्थिंग आणि त्याला साजेशी जाड तार हवी. टू-पिनचा जोड किंवा एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.
- मंजूर भार: बिलावर छापलेला असतो. चार जागांचा बसवायचा इंडक्शन हॉब एकदम चालला तर ७ किलोवॉटच्या आसपास जातो. जुन्या चाळीची वायरिंग हे सोसणार नाही. आधी वायरमनला दाखवा, भार वाढवायचा असेल तर अर्ज करा.
- वीज गेली तर: घरातला नेहमीचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, इंडक्शन चालवत नाही. ‘फक्त इंडक्शन’ हा पर्याय म्हणूनच मी कुणाला सुचवत नाही.
- पेसमेकर: घरात कुणाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू इंडक्शनपासून साधारण दोन फूट लांब राहायला सांगितलं जातं, आणि दोन फुटांवरून फोडणी देता येत नाही.

घर यंत्रमागाशेजारी असेल तर

कामतघरमध्ये माग आणि घर एकाच भिंतीला टेकून असणं नवं नाही. अशा घरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात.

पहिली मीटरची. मागाच्या मीटरवरून घरात वायर ओढून त्यावर इंडक्शन लावू नका. यंत्रमागाचा वीजदर वेगळ्या कारणासाठी दिलेला असतो. ज्या कामासाठी जोडणी मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली वाढीव आकारणी होते. वाचवलेले पैसे दंडात जातात.

दुसरी सुताच्या तंतूंची. हवेत उडणारे बारीक तंतू बर्नरच्या खालच्या हवेच्या तोंडाशी अडकतात, तेलकट थर त्यांना धरून ठेवतो. गॅसमध्ये हवा कमी मिसळली की निळी ज्योत पिवळी होते आणि टोपाचा तळ काळा पडतो. ओट्यावरची शेगडी उलटी करून ब्रशने पाच मिनिटांत साफ होते. बसवलेल्या हॉबचं पोट साफ करायला माणूस बोलवावा लागतो. इंडक्शनच्या खालच्या पंख्याच्या जाळीतही तेच तंतू जमतात. ती जाळी महिन्यातून एकदा पुसा. मागाला लागून घर असलेल्यांनी हॉबच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या चुलीवर काय शिजतं?

तांदळाची भाकरी करणाऱ्या आगरी घरात तव्याचा तळ बहुधा थोडा खोलगट असतो, काहींकडे मातीचा तवा असतो. खोलगट तवा इंडक्शनला नीट टेकत नाही आणि मातीचा तवा त्यावर तापतच नाही. भाकरी किंवा फुलका ज्योतीवर फुगवायचा, वांगं भाजायचं, पापड भाजायचा, तर आच दिसायला हवी. गॅसला तिथे पर्याय नाही.

पद्मानगरच्या तेलुगू घरांत डोसा रोजचा. मोठ्या तव्याला आच सगळीकडे सारखी लागावी म्हणून मधला बर्नर मोठा आणि दोन्हीकडून मोकळा हवा. तीन बर्नरच्या अरुंद शेगडीवर मधला तवा शेजारच्या कुकरला ढकलतो. बिर्याणीचा मोठा टोप चढवणाऱ्या घरांनीही हीच जागा तपासावी: दुकानात आपल्या घरच्या सर्वात मोठ्या टोपाचं माप घेऊन जा आणि पट्टीने मोजा. बर्नरची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांच्यातलं अंतर वाढवणं जास्त कामाचं.

मोठ्या बर्नरच्या मोहाचाही हिशेब ठेवा. ४ किलोवॉटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला ३०० ग्रॅमहून जास्त गॅस खातो. चौघांच्या घरात असा एक पुरे.

इंडक्शनसाठी भांडी तपासायला फ्रिजवरचं चुंबक काढा आणि तळाला लावा. ॲल्युमिनियमचा टोप, पितळेचं पातेलं, तांब्याचं भांडं बाद होईल. बिडाचा सपाट तवा पास होईल. स्टीलची काही भांडी पास, काही नापास. ती एकेक करून बघावी लागतात. बाद भांड्यांची यादी लांबली तर नव्या कुकर-कढईचा खर्च इंडक्शनच्या किमतीत मिळवा.

हॉब बसवायचाच ठरलं असेल तर

हॉब दिसतो देखणा आणि ओटा पुसायला सोपा जातो, हे खरं आहे. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय बऱ्याच हॉबमध्ये असते, तीही मोलाची आहे. दूध उतू गेलं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत असलात, तर तीच उपयोगी पडते. पण ओटा एकदा कापला की परत जोडता येत नाही.

1. आधी हॉब आणा, मग ग्रॅनाइट कापा. प्रत्येक कंपनीच्या खाचेचं माप वेगळं असतं. कॅटलॉगवरून कापून ठेवलेल्या खाचेत दुसरा हॉब बसत नाही. आठ-दहा वर्षांनी हॉब बदलाल तेव्हाही हाच प्रश्न येईल, म्हणून मापाचा कागद जपून ठेवा.
2. ओट्याची रुंदी मोजा. नेहमीचा दोन फुटी ओटा असेल तर खाचेच्या पुढे-मागे जेमतेम दोन-अडीच इंचाची पट्टी उरते. जड कुकर आपटला की ती तिथेच तडकते. खालून आधार द्यायला सांगा.
3. उंची तपासा. ओट्यावरची शेगडी भांडं पाच-सहा इंच वर उचलते. शेगडीसाठी बांधलेल्या ओट्यावर हॉब बसवला तर रोज वाकून ढवळावं लागतं. उलट उंच ओट्यावर शेगडी ठेवली तर कढईत काय चाललंय ते टाचा उंचावून बघावं लागतं. घरात रोज कोण स्वयंपाक करतं, त्या व्यक्तीला उभं करून माप घ्या; सुताराला नव्हे.
4. खालचा कप्पा मोकळा ठेवा. हॉबच्या पोटाखाली मसाल्याची ट्रॉली लावू नका. नळी हाताला आणि डोळ्याला लागेल अशी हवी. सिलिंडर कपाटात असेल तर दाराला खाली आणि वर हवेची भोकं हवीतच.
5. नळी: सिलिंडरची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, आयएसआय चिन्हाची असावी, भिंतीतून आरपार नेऊ नये. नारिंगी सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदला. तारीख तिच्यावरच छापलेली असते. सिलिंडर गॅलरीत ठेवायचा असेल तर एजन्सीमार्फत नियमाप्रमाणे पाइपलाइन करून घ्या.
6. पेटवण्याची सोय: आपोआप पेटणारा हॉब बॅटरीवर चालणारा घ्या, किंवा विजेवरचा असला तरी वीज गेल्यावर लायटरने पेटतो का ते दुकानातच पेटवून बघा.
7. भाड्याचं घर: मालकाची लेखी परवानगी नसेल तर ग्रॅनाइटला हात लावू नका. डिपॉझिट कापण्याला याहून सोपं निमित्त मालकाला मिळणार नाही. हॉबटॉप घ्या, तो सोबत नेता येतो.

काचेबद्दल एक सांगायलाच हवं. शेगडी असो वा हॉब, टफन्ड काच तुटते तेव्हा कणाकणाने फुटते. तापल्या काचेवर ओलं फडकं टाकणं, दोन बर्नर व्यापणारा तवा तासभर ठेवणं, त्यावर खलबत्ता कुटणं ही फुटण्याची नेहमीची कारणं. घरात अशी धसमुसळी सवय असेल तर स्टीलची शेगडी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे देण्यापूर्वी

- शेगडीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४२४६ हा क्रमांक पाहा. हा एलपीजी शेगडीचा भारतीय मानक क्रमांक आहे आणि त्यानुसार किमान ६८ टक्के उष्णता-कार्यक्षमता लागते. पाइपच्या गॅससाठीच्या शेगडीचं मानक वेगळं आहे: आयएस १७१५३.
- चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. नाव आणि वस्तू जुळली नाही तर दुकान सोडा.
- बर्नर पितळेचा आहे की मिश्रधातूचा, काचेवर हमी आहे का आणि किती वर्षांची, बसवण्याचे पैसे किमतीत धरले आहेत का, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी हमीला किंमत नसते.
- सर्व्हिसचा माणूस भिवंडीत येतो का, की ठाण्याहून येण्याचे वेगळे पैसे घेतो, हे कंपनीच्या हेल्पलाइनला तुम्ही स्वतः फोन करून विचारा.

अडचण आली तर तुमचे हक्क

गॅस एजन्सी नव्या जोडणीबरोबर आपल्याकडचीच शेगडी घ्या अशी सक्ती करू शकत नाही. आयएसआय चिन्हाची शेगडी तुम्ही कुठूनही आणू शकता. बाहेरून आणलेल्या शेगडीच्या तपासणीचं ठरलेलं शुल्क एजन्सी घेऊ शकते, त्यापलीकडे काही नाही.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो २४ तास चालतो. पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. एलपीजीच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी सार्वजनिक दायित्व विमा काढलेला असतो. ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मालमत्तेची भरपाई मात्र नोंदवलेल्या पत्त्यावरच्या नुकसानीसाठी असते. घर बदललं तर गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता त्याच महिन्यात बदलून घ्या.

वस्तू सदोष निघाली तर आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. ऑनलाइन घेतली असेल तर ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि पुढे ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. वस्तूची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. वीजपुरवठ्याबद्दलची तक्रार टोरंट पॉवरकडे नोंदवून सुटली नाही तर ती वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथून विद्युत लोकपालांकडे नेता येते.

तक्रारीसोबत बिल, शिक्का मारलेलं हमीपत्र, वस्तूवरचा अनुक्रमांक दिसणारा फोटो आणि कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडा. फुटलेल्या काचेचे तुकडे झाडून टाकण्याआधी त्यांचाही फोटो काढा.